फॉर्ममधला अकरावा प्रश्न

आजीला मुळात हा विमाच नको होता. आपला, म्हाताऱ्या माणसांचा उतरवायचा तर खुशाल उतरवा. पण नऊ वर्षांच्या पोरीचा? कागदावर तिचं नाव लिहायचं आणि त्याच कागदावर कुठेतरी बारीक अक्षरात ‘मृत्यू झाल्यास’ असं छापलेलं असणार, हे तिला नुसतं मनात आणायलाही नको वाटायचं.

आजोबांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलेलं. “अगं, प्रत्येक लिफ्टच्या खाली एक ब्रेक असतो. वरचा दोर तुटला की तो रुळाला आवळून धरतो. माझ्या सबंध नोकरीत तो एकदाही लागला नाही. म्हणून काय बसवायचाच नाही?”

“पोरगी म्हणजे लिफ्ट आहे का?”

“लिफ्टपेक्षा जास्त वर-खाली करते,” आजोबा म्हणाले. त्यावर आजीलाही हसू आलं, आणि विषय तिथेच तिच्या हातून निसटला.

पोरीला घरात सगळे खारू म्हणत. खारीसारखी एका जागी म्हणून बसायची नाही. तिची आई, म्हणजे आजी-आजोबांची लेक, दोन मजले वर राहायची आणि चष्म्याच्या दुकानात काम करायची. जावई जहाजावर इलेक्ट्रिशियन, सहा-सहा महिने घराबाहेर. त्यामुळे शाळा सुटल्यापासून सात वाजेपर्यंत खारू आजीच्या ताब्यात. विम्याचं लेकीला अजून सांगितलं नव्हतं. खारूच्या वाढदिवसाला कागद हातात ठेवायचा, असा आजोबांचा बेत होता.

बुधवारी दुपारी पावणेचारला विमावाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पुढच्या खोलीत आजीचं शिलाई मशीन होतं आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग. आजीने खुर्चीवरच्या कॉलर उचलून बाईंना बसायला जागा केली. बाईंनी फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढून मागे लावलं आणि म्हणाल्या, “आईची किंवा वडिलांची सही नंतर लागेल बरं का. आज माहिती तेवढी भरून घेऊ.”

जन्मतारीख झाली. उंची विचारली तेव्हा आजी चटकन म्हणाली, “एकशे एकतीस सेंटीमीटर. परवाच माप घेतलंय फ्रॉकचं.” लसी झाल्या, ऑपरेशनं झाली. आजोबा प्रत्येक प्रश्न संपायच्या आतच ‘नाही’ म्हणत होते.

“काका, प्रश्न तरी पुरा होऊ द्या.”

“कशाला? पोरगी लोखंडाची आहे.”

“दहावा. कधी चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं, झटके येणं?”

“नाही,” आजोबा म्हणाले.

आजी मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. बाईंनी ‘नाही’समोर खूण केली.

“अकरावा. रक्ताच्या नात्यात कोणी चाळिशीच्या आत गेलंय का? कशाने गेले, तेही सांगा.”

या वेळी आजोबांनी प्रश्न पुरा होऊ दिला. मग आजोबा हळू आवाजात म्हणाले, “आमचा मुलगा. खारूचा मामा. चौदा वर्षांचा होता.”

“कशाने?”

“शाळेत शर्यत होती. पळता पळता पडला. ऊन फार होतं त्या दिवशी.”

बाईंनी मान खाली घालून लिहिलं. “आणखी कोणी?”

“माझा मोठा भाऊ,” आजी म्हणाली. “एकोणीस वर्षांचा. तळ्यात बुडाला.”

“पोहता येत नव्हतं?”

“येत होतं. पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचा. रोज. पायात गोळा आला असेल, असं सगळे म्हणाले.”

बाईंचं पेन ‘बुडाला’ या शब्दाशी थांबलं. त्यांनी लिहिलेलं पुन्हा वाचलं, एक ओळ वर गेल्या, मग चष्मा काढून आजीकडे बघितलं. “काकू, दहावा प्रश्न पुन्हा विचारू का?”

आजीने मशीनच्या चाकावरचा हात काढला. “दोनदा,” ती म्हणाली.

“काय दोनदा?” आजोबा वळले. “एकदाच ना? शाळेत खेळताना. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, टॉनिक दिलं, संपलं.”

“दोनदा. तीन आठवड्यांपूर्वी जिन्यात. दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा एकदम अंगावर भुंकला. ती घाबरून वर पळाली आणि वळणावर पडली. ओठ पांढरेफटक. मी वीसपर्यंत मोजले, मग डोळे उघडले तिने.” आजी एका दमात बोलत होती. “मला म्हणाली, आईला सांगू नको, आई पोहणं बंद करेल. स्पर्धा आहे म्हणाली. मी कबूल केलं.”

“आणि मलाही सांगितलं नाहीस?”

भाऊ, मुलगा, नात. तिघांच्या तीन गोष्टी तिच्या मनात इतकी वर्षं तीन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या होत्या. तळं वेगळं, मैदान वेगळं, जिना वेगळा. या परक्या बाईने त्या एकाखाली एक लिहिल्या तेव्हा कुठे तिला दिसलं, की ती एकच गोष्ट आहे.

“मी काही डॉक्टर नाही,” बाई म्हणाल्या. “पण वीस वर्षं हे फॉर्म भरतेय. एका घरात असंच होतं. आत्या पाण्यात गेलेली, चुलत भाऊ खेळताना. मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. ‘हो’ लिहिलं की कंपनी शंभर कागद मागते, गिऱ्हाईक कंटाळतं. दीड वर्षाने त्याच घरी गेले, मुलाचा दावा भरायला. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदयाचं काहीतरी असतं, घराण्यात चालत येतं.” त्यांनी पेन बंद केलं. “नात कुठेय आत्ता?”

आजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

“पोहायला,” ती म्हणाली. “शाळेतून परस्पर जाते. चार ते पाच.”

आजोबांनी तलावावर फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिनेच झाले होते. ते उठायला गेले आणि टेबल धरून तसेच उभे राहिले. “तू जा,” ते म्हणाले. “मी फोन लावत राहतो. जा तू!”

“माझी स्कूटर आहे खाली,” बाई म्हणाल्या.

आजी आयुष्यात परक्या माणसाच्या मागे स्कूटरवर बसली नव्हती. त्या दिवशी तिने त्या किडकिडीत बाईंच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांसमोर तळं आलं, म्हणून उघडले. सिग्नल लाल होता. एक माणूस खांद्यावर गालिचा घेऊन सावकाश रस्ता ओलांडत होता आणि आजीला त्याला हाताने बाजूला ढकलावंसं वाटलं. पोहणाऱ्याला शेवटची हाक मारता येत नाही, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. जिन्यात पडली तर आवाज होतो. पाण्यात काय होतं? पाणी तसंच असतं.

तलावाच्या दाराशी त्या पोचल्या तेव्हा आतून शिट्ट्यांचा आणि पोरांचा गलका येत होता. खिडकीमागच्या माणसाने पास विचारला. बाई त्याच्याशी बोलायला थांबल्या आणि आजी तशीच आत घुसली.

आत दमट, औषधाच्या वासाची हवा होती. पाण्यात पंचवीसेक मुलं, सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. आजी काठावर उभी राहिली आणि तिला तिची नात ओळखता येईना. शेकडो पोरांची मापं तिने घेतली होती. पाठमोऱ्या पोराचा खांदा बघून गणवेश कितीचा लागेल ते ती सांगायची. आता मात्र सगळी डोकी सारखी. एक वर येई, एक खाली जाई. खाली गेलेलं प्रत्येक डोकं वर येईपर्यंत आजीचा श्वास अडकायचा, आणि तेवढ्यात दुसरं खाली जायचं. मोजायला गेली तर तेवीस भरली, मग सव्वीस.

“आजी, चप्पल घालून आत नाही यायचं!” शिकवणारा तरुण पलीकडून ओरडला.

“खारू!” आजी ओरडली. आवाज छताला आपटून परत आला. “खारू कुठेय? तिला बाहेर काढा!”

“कोण खारू?”

शाळेतलं नावच तिला क्षणभर आठवेना. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतलं एक डोकं काठाशी आलं, पोहायचा चष्मा कपाळावर गेला आणि ओळखीचा चेहरा रागाने लाल झालेला दिसला. “आजी? तू काय करतेस इथे?”

जिवंत होती. आजीने काठावर वाकून हात पुढे केला. “बाहेर ये बाळा. घरी जायचंय.”

“का? अजून अर्धा तास आहे.”

“आईने बोलावलंय.”

आजीला कधीच नीट खोटं बोलता आलं नव्हतं. खारू काठावर चढली, पाणी निथळत उभी राहिली आणि आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. बाकीची पोरं पोहायची थांबून बघत होती. कोणीतरी खिदळलं.

“तू आईला सांगितलंस,” खारू म्हणाली. “तू सांगितलंस ना? कबूल केलं होतंस तू!”

“नाही गं, ऐक तर—”

“खोटारडी!” खारूचा आवाज फाटला. ती वळली आणि कपडे बदलायच्या खोलीकडे पळत सुटली.

“पळू नको!” आजी ओरडली. “खारू, पळू नको!”

त्या ओरडण्याने पोरगी आणखीच जोरात पळाली. पाय धुवायच्या पन्हाळीपर्यंत पोचली, आणि तिथे कोणी मागून दिवा मालवावा तशी विझली. अडखळली नाही, घसरली नाही. नुसती खाली गेली.

आजी तिच्याजवळ कशी पोचली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. ओल्या फरशीवर गुडघे टेकलेले तेवढं आठवतं. खारूचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यांत कोणी नव्हतं. ओठांचा रंग गेलेला. आजीने मोजायला सुरुवात केली, कारण मागच्या वेळी मोजल्यावर ती परत आली होती. एक, दोन, तीन. मुलगा गेला तेव्हा ती घरी होती. शाळेचा शिपाई बोलवायला आला तोवर सगळं आटोपलं होतं. मुलाचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल, हे तिने इतकी वर्षं स्वतःला विचारू दिलं नव्हतं. आता समोर होता. अकरा, बारा. शिकवणारा तरुण धावत आला, त्याने मानेला दोन बोटं लावली, “ॲम्ब्युलन्स बोलवा!” असं कोणालातरी ओरडून सांगितलं आणि दोन्ही तळवे पोरीच्या छातीवर ठेवले. सतरा. अठरा.

खारूने खोल, घरघरता श्वास घेतला. पापण्या हलल्या. तिने आधी छताकडे पाहिलं, मग आजीकडे.

“माझी टोपी कुठेय?” ती म्हणाली.

आजीला रडूही येईना. तिने तरुणाचं मनगट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की त्याला ते सोडवून घ्यावं लागलं.

हॉस्पिटलमध्ये खारूच्या छातीला, हातापायांना वायरी लावल्या. यंत्रातून लांब कागद बाहेर आला. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यावर पट्टी ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं, मग काही न बोलता कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्या गेल्या त्या दहा मिनिटांत आजीने पलंगाच्या दांडीवरचा हात काढला नाही. खारू रुसून भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि तिच्या पाठीवर श्वासाची हालचाल दिसते की नाही, एवढंच आजी बघत होती.

लेक आली ती दुकानाच्या कोटातच. खिशाला चष्मे पुसायचं फडकं लोंबत होतं. आजोबांनी फोनवर तिला सगळं सांगितलेलं होतं, अगदी विम्यासकट. तिने आधी पोरीला जवळ घेतलं, कपाळ चाचपलं, मग आजीला पडद्याबाहेर बोलावलं.

“विमा? माझ्या पोरीच्या जिवाचा विमा, मला न विचारता?”

“बाबांनी हौसेने—”

“आणि जिन्यात पडली ते? तीन आठवडे तुला माहीत होतं?”

“हो.”

“तीन आठवड्यांत नऊ वेळा पोहायला गेली ती, आई. नऊ वेळा मीच डब्यासोबत टोपी भरून दिली.”

आजी खाली बघत उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लेक शिव्या देत नव्हती, नुसती खिशाचं फडकं पिळत होती.

मोठे डॉक्टर आले, त्यांनी दोघींना बसवलं आणि सावकाश सांगितलं. हृदयाचा एक ठोका पडला की पुढच्यासाठी तयार व्हायला त्याला थोडा वेळ लागतो. खारूच्या हृदयाला तो वेळ जरा जास्त लागतो. एरवी बिघडत नाही. पण पळताना, पोहताना, एकदम घाबरल्यावर किंवा चिडल्यावर ताल चुकू शकतो. बहुतेक वेळा आपोआप सावरतो. “बहुतेक वेळा,” ते पुन्हा म्हणाले. रोज गोळी घ्यावी लागेल, पोहणं आणि शर्यती बंद. काही औषधं तिला चालणार नाहीत, त्यांची यादी देऊ. “हे घराण्यातून येतं. तुमच्या दोघींचाही कागद काढून बघू.”

आजी पलंगावर आडवी झाली. छातीला लावलेली गार चकती तिला बर्फासारखी वाटली. मला काही झालेलं नाही, ती मनात म्हणत होती, सत्तरीला आले, चार जिने चढते. तरी कागद बाहेर यायला लागला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

“दोघींतही आहे,” डॉक्टर म्हणाले. “आजींचा तर नातीपेक्षाही स्पष्ट.”

“पण मी कधी पडले नाही.”

“काहीजण आयुष्यभर पडत नाहीत. पुढे मात्र देतात.”

बाहेरच्या बाकावर मायलेकी बसल्या. माझ्याकडून, आजी मनाशी म्हणत होती. मुलाला माझ्याकडून, लेकीला माझ्याकडून, पोरीला माझ्याकडून. जिच्या कुशीत सगळी वाढली तिनेच हे दिलं. लेक आता कधी आपल्या तोंडाकडे बघणार नाही, असं तिला वाटलं.

मग लेक म्हणाली, “दादाला पण हेच होतं?”

“बहुधा, म्हणाले डॉक्टर.”

“मी मैदानाच्या दोरीला लागून उभी होते त्या दिवशी. अकरा वर्षांची. तो तिसरा होता. मी ओरडत होते, दादा पळ, दादा पळ.” लेकीने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “आणि मग मावशी घरी येऊन म्हणाली ना, कोणी पळायला लावलं त्याला? मला वाटलं, तिला कळलंय.”

आजीने चमकून तिच्याकडे पाहिलं. ‘कोणी पळायला लावलं त्याला?’ हे तिच्या धाकट्या बहिणीचे शब्द. त्या शब्दांवरून आजीने बहिणीशी बोलणं सोडलं होतं, कारण ते आपल्यालाच लागू आहेत असं तिला वाटलं होतं. त्या सकाळी मुलगा ‘बरं वाटत नाही’ म्हणाला होता आणि तिने ‘जा रे, नाटकं नकोत’ म्हणून त्याला पाठवलं होतं. हे तिने आजोबांनाही कधी सांगितलं नव्हतं. त्या बाकावर तिने ते लेकीला सांगितलं. लेक थोडी सरकून बसली, आजीच्या बाजूला.

विम्याचं पुढे व्हायचं तेच झालं. बाईंनी फॉर्म जसाच्या तसा, खरा भरून पाठवला आणि दोन महिन्यांनी कंपनीचा नकार आला. त्या फॉर्मवर सही लेकीनेच केली होती. खारू पोहण्यासाठी महिनाभर रडली आणि आजीशी अबोला धरला, तो हळूहळू सुटला. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, डॉक्टरांनी खारूला तपासून झाल्यावर आजीला विचारलं, “तुम्हाला आणखी भावंडं आहेत?”

“एक बहीण.”

“तिला मुलं, नातवंडं?”

“असतील,” आजी म्हणाली. “मला नक्की माहीत नाही.”

“तर माहीत करून घ्या. आजच.”

आजोबांनी नंबर शोधून काढला. कोणाकडून, ते त्यांनी सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, औषधांच्या खिडकीशेजारी उभं राहून आजीने तो लावला. दोनदा चुकीचा लागला. विम्याचा कागद, तलाव, वायरी, या सगळ्यांपेक्षा तिला ही रिंग भयंकर वाटत होती. बहीण फोन ठेवून देईल ही भीती होतीच. पण ती बोलेल आणि सांगेल की उशीर झालाय, ही भीती त्याहून मोठी.

“कोण?” पलीकडून म्हातारा झालेला आवाज आला.

“मी,” आजी म्हणाली. “ताई.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी लहान पोर हसत होतं.

“कोण गेलं?” बहिणीने विचारलं.

“कोणी नाही. कोणी गेलं नाही. तू फोन ठेवू नकोस. मला एवढंच सांग, तुझ्या नातवंडांत कोणाला चक्कर येते का? पळताना, खेळताना, घाबरल्यावर?”

आजीला वाटलं, फोन तुटला. मग गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला, आणि दार लोटल्याचा.

“धाकटीला,” बहीण दबक्या आवाजात म्हणाली. “पाच वर्षांची आहे. रडायला लागली की निळी पडते. हट्टी आहे म्हणून आम्ही लक्ष देत नाही. का गं ताई? काय झालंय?”

“आत्ता कुठेय ती?”

“इथेच. बाहेर खेळतेय. थोरला तिच्या मागे धावतोय.”

“त्याला थांबव,” आजी म्हणाली. “ओरडू नकोस. हळू जा, हाक मारू नकोस, तिला घाबरवू नकोस. नुसती उचलून घे. मी फोनवरच आहे.”

पलीकडे फोन कशावरतरी ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं लांब गेली. आजी कानाला फोन लावून भिंतीला टेकली. पोरांचं हसणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. तिने मोजलं नाही. ओठ घट्ट मिटून ती ऐकत राहिली, आणि शेवटी फोनजवळ बहिणीच्या धापा आल्या, आणि त्यांच्याही जवळ, एका लहान पोरीचा वैतागलेला आवाज: “सोड ना आजी, मला खेळायचंय.”

“घेतलं,” बहीण म्हणाली. “घेतलंय मी तिला. आता बोल.”